तीन हिवाळे झाले, तरी पाहुणीच

"ताई, नमस्कार. मी ६६ वर्षांची, हे ७१. मूळचे आम्ही साताऱ्याचे, पण एकतीस वर्षं कॅनडात मिसिसागाला गेली, दोन्ही मुलं तिकडेच. थंडी गुडघ्यांना सोसेना म्हणून तीन वर्षांपासून नोव्हेंबर ते एप्रिल मेक्सिकोत आहिहिकला घर भाड्याने घेऊन राहतो. चपाला तळ्याकाठचं गाव, हवा फार सुंदर. ह्यांचं पिकलबॉल आणि पत्ते छान चाललेत. मला मात्र अजून आपलं असं कोणी नाही. कॅनडा-अमेरिकेच्या बायकांशी ओळखी होतात, पॉटलक होतात, पण बोलणं सगळं घरभाडं, डॉक्टर आणि कुठलं रेस्टॉरंट चांगलं ह्यावर, आणि एप्रिल आला की सगळ्या पांगतात. जिच्याशी खरं जमलं होतं ती ह्या वर्षी घर विकून ओंटारिओला कायमची परत गेली. गावातली माणसं अदबीची, रोज हसून बोलतात, पण घरात कोणी बोलवत नाही. शेजारच्या बाई बऱ्या वाटायच्या, तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आणून द्यायच्या, पण मागच्या वर्षी त्यांनी नातीच्या पंधराव्या वाढदिवसाला केकचे 'पाद्रिनोस' व्हाल का असं विचारलं. हे म्हणाले बघ, शेवटी पैशावरच आलं. आम्ही हसून नाही म्हटलं, कार्यक्रमालाही गेलो नाही, ओळखीचं कोणी नसणार आणि आम्ही शाकाहारी. तेव्हापासून त्याही जेवढ्यास तेवढं. साताऱ्याला गेले की तिथे पाहुणी, मिसिसागात मुलांकडे पाहुणी, आता इथेही. ह्या वयात नव्याने मैत्री होते का? की हे घर सोडून द्यावं? सहा आठवड्यांनी परत निघायचंय."

सातारकर ताई,

घर सोडू नका, निदान ह्या एप्रिलमध्ये तरी नको. तुम्ही एकटेपणाबद्दल बरंच लिहिलंय आणि ते सगळं मला पटलंही, पण मी अडकले ती केकच्या वाक्यापाशी, आणि माझं निम्मं उत्तर त्या एका वाक्याबद्दलच आहे. मी स्वतः नऊ वर्षं ग्वादलाहाराला राहिलेय, २०१० ते २०१९, ह्यांची आयटीतली नोकरी होती, तुमच्या आहिहिकपासून गाडीने तासभर. म्हणून हे वाचताना पोटात कालवलं, कारण तुम्ही म्हणता घरात कोणी बोलवत नाही आणि तुमच्याच पत्रात बोलावणं आलेलं आहे, तेही साधंसुधं नाही.

पंधरावा वाढदिवस म्हणजे किन्सेआन्येरा. लग्नाच्या खालोखाल मोठा सोहळा असतो तो मुलीच्या घरी, आधी चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना, मग जेवण, बँड, मुलीचा वडिलांबरोबरचा वॉल्ट्झ नाच, सगळी गल्ली जेवायला. एवढा खर्च एका घराला पेलत नाही म्हणून तो वाटून घेतात, आणि जो वाटा उचलतो त्याला नातं देतात. कोणी ड्रेसची माद्रिना, कोणी केकची, कोणी संगीताचा पाद्रिनो. पाद्रिनो-माद्रिना म्हणजे मूळ बाप्तिस्म्यातले धर्मपिता-धर्ममाता, पण तोच शब्द अशा प्रत्येक वाट्याला लावतात. त्या दिवशी तुमचं नाव माईकवरून घेतलं गेलं असतं, मुलीशेजारी उभं करून फोटो काढला असता, आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी रस्त्यात भेटली की तुम्हाला माद्रिना म्हणाली असती.

आता ह्यात पैसा नाही असं मी म्हणणार नाही, पैसा आहेच. पण आपल्याकडे लग्नात मामा मुलीला बोहल्यापर्यंत आणतो, तो मान त्याचा, आणि त्या मानाबरोबर त्याने काय काय आणायचं हेही ठरलेलं असतं ना? तेव्हा मामाला कोणी म्हणत नाही की बघ, पैशावर आले. मान आणि वाटा एकाच ताटात वाढलेले असतात, वेगळे काढता येत नाहीत. शेजारच्या बाईंनी तुम्हाला ते ताट दिलं. तीन वर्षांत अख्ख्या गावाने केलेली ती सगळ्यात जवळची गोष्ट होती आणि तुम्हाला ती ओळखू आली नाही. ह्यात दोष देत नाहीये मी, कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? पण त्यांच्या बाजूनेही बघा, त्यांनी किती दिवस मनात घोळवून विचारलं असेल, कदाचित घरातल्यांना आधी सांगूनही टाकलं असेल, आणि समोरून हसून नाही आलं.

तुमच्या ह्यांची भीती अगदीच बिनबुडाची नाही, तेही सांगते, कारण परदेशी माणसाकडे पैसे मागणारे लोक तिथेही भेटतातच. मी फरक असा करायचे की जो माणूस एका ठरलेल्या कार्यात, सगळ्यांसमोर, नाव असलेला एक वाटा मागतो तो नातं मागतोय, आणि जो एकट्याला गाठून उसने मागतो, पुन्हा पुन्हा मागतो, त्याला नम्रपणे नाही म्हणायचं. आणि वाटा आपल्याला जड वाटला तर छोटा मागून घेता येतो. केक नको तर पाहुण्यांना द्यायच्या आठवणवस्तूंची, रेक्वेर्दोसची माद्रिना व्हा, मेणबत्त्यांची व्हा, कोणी नाराज होत नाही, उलट तुम्ही रीत समजून घेतली म्हणून आनंद होतो त्यांना.

तर पहिलं काम हेच आहे. ह्याच आठवड्यात त्यांच्या दारी जा, फोन नको, चिठ्ठी नको, स्वतः जा, आणि ह्यांना घेऊन जा, कारण नाही दोघांनी म्हटलं होतं. त्या मुलीसाठी चांदीचं छोटं काहीतरी न्या, कानातले असतील, पैंजण असेल. रोख रक्कम अजिबात नको, आता पैसे दिलेत तर ती चुकलेल्या केकची भरपाई होईल आणि त्यांना ते लागेल. स्पॅनिश मोडकी चालेल, एवढंच म्हणा, मे दा मुचा पेना, नो एन्तेन्दी. मला फार ओशाळं वाटतंय, मला समजलं नव्हतं. मेक्सिकोत पेना हा शब्द लाज, संकोच, भीड सगळ्याला वापरतात आणि तो उच्चारला की समोरच्याचा चेहरा लगेच मऊ होतो, मी कितीदा पाहिलंय. मग त्या कॉफी घ्या म्हणतील. घ्या. नको नको करू नका, आपली ती सवय तिथे नकारच समजतात.

आणि दारात तामालेस यायचे तेव्हा ताट परत कसं गेलं हो? हे तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारते. साताऱ्याच्या घरात शेजारचं भांडं रिकामं परत पाठवत नसत, चार दाणे साखर का होईना घालून पाठवत. तीच गोष्ट आहिहिकला करायची. तिथे तुम्हाला गूळ मिळतो, पिलोन्सीयो म्हणतात, शंकूच्या आकाराच्या ढेपा, आपल्या गुळाची चव अगदी. तीळ मिळतात, मोले नावाच्या त्यांच्या मसालेदार रश्शात घालतात ते. शेंगदाण्याची चिक्की तर तयारच मिळते, पालान्केता म्हणतात, आणि राजगिऱ्याची वडी म्हणजे त्यांची आलेग्रीया, राजगिरा मुळात त्यांच्याकडचाच. मी पहिल्या संक्रांतीला तिळगूळ करून गल्लीत वाटला होता, गोड बोला हे स्पॅनिशमध्ये कसंबसं सांगितलं, आणि त्यातल्या तिघींनी दोन फेब्रुवारीला घरी तामालेस पाठवले, कारण कान्देलारियाला तामालेस वाटायची त्यांची रीत आहे. सहा जानेवारीला रोस्का नावाचा गोल पाव कापतात ना, त्यात लपवलेली बाहुली ज्याच्या वाट्याला येते त्याच्यावर दोन तारखेच्या तामालेसची जबाबदारी. म्हणजे बघा, सहा जानेवारी आणि दोन फेब्रुवारी ह्यांच्या बरोबर मधे आपली संक्रांत येते आणि तुम्ही दर वर्षी त्या वेळी तिथेच असता. तीन संक्रांती कुठे गेल्या?

देणं आलं की घेणंही येतं, आणि मला वाटतं तुमचं घोडं तिथेच अडलंय. तुम्ही दोघं फार स्वच्छ राहिलात तिथे, कोणाचं काही लागत नाही, भाडं वेळेवर, शेजाऱ्यांना त्रास नाही, कोणाकडे काही मागितलं नाही. कॅनडात एकतीस वर्षं हा गुण होता, चांगला शेजारी म्हणजे त्रास न देणारा शेजारी. हालिस्कोतल्या, म्हणजे तुमच्या आहिहिकच्या राज्यातल्या, गावात मात्र ज्याला कधीच काही लागत नाही त्याच्याशी नातं जोडायला जागाच उरत नाही. म्हणून मागा. गॅसवाला कधी येतो विचारा, निवडुंगाची भाजी कशी सोलायची ते शिकवा म्हणा, नोपालेस म्हणतात त्यांना, बाजारात सोललेले मिळतात पण तुम्ही न सोललेले घेऊन शेजारी जा. एक शिडी मागून आणा. परत करताना काहीतरी द्या. असंच वाढत जातं ते.

माझं स्वतःचं सांगते. पहिली दोन वर्षं मीही तुमच्यासारखीच होते, रोज ब्वेनास तार्देस आणि रोज हसणं. मग समोरच्या घराच्या दारावर एक दिवस काळी फीत दिसली, आजी गेल्या होत्या. मेक्सिकोत अंत्यविधीनंतर नऊ संध्याकाळी घरी जपमाळ म्हणतात, नोवेनारियो. दार उघडं असतं, फुटपाथवर खुर्च्या मांडतात, आणि त्याला आमंत्रण लागत नाही. मला माहीत नव्हतं, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईंनी सांगितलं की जा, बसायचं फक्त. दुःखाच्या घरी आपल्याकडेही बोलावण्याची वाट बघत नाही कोणी, म्हणून पाय निघाला, नाहीतर निघाला नसता. मी शेवटच्या खुर्चीवर बसले. प्रार्थना येत नव्हती, पण त्यात एक ओळ परत परत येते, र्वेगा पोर एया, तिच्यासाठी विनव, आणि ती दहा मिनिटांत तोंडात बसते, आरतीतलं ध्रुवपद बसतं तशी. नंतर दालचिनीची कॉफी आणि गोड पाव. चौथ्या दिवशी परत गेले, पाचव्या दिवशी परत. नवव्या दिवशी मी कॉफीचे कप भरत होते आणि घरातली एक सून मला सांगत होती की त्या कोपऱ्यातल्या मामींना साखर घालू नकोस, डायबेटीस आहे. पुढची सात वर्षं त्या घरातलं एकही कार्य माझ्याशिवाय झालं नाही. आणि माझी आई पुण्यात गेली तेव्हा मला विमान मिळायला दोन दिवस लागले, त्या दोन्ही रात्री ती सून माझ्या सोफ्यावर झोपली होती.

म्हणून ह्या वयात मैत्री होते का ह्याला माझं उत्तर हो आहे, आणि आपलं वय तिथे आड येत नाही, उपयोगीच पडतं. दोन्या म्हणतात ते मोठ्या बाईला, आणि दोन्याला गल्लीत जागा असते.

शाकाहाराचं सांगते, कारण हे कारण मी फार मराठी घरांत ऐकलंय आणि त्याच्याआड बऱ्याचदा नुसता संकोच असतो. हालिस्को म्हणजे बिरिया आणि पोसोले, दोन्ही मांसाचे पदार्थ, हे खरंय, आणि तामालेसच्या पिठात, घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी घालतात, मान्तेका, तेही खरंय, तेव्हा विचारून खावं लागतं. पण आत्ता कुठला महिना चालू आहे बघा. मार्च, म्हणजे क्वारेस्मा, ईस्टरच्या आधीचे त्यांचे उपासाचे चाळीस दिवस. दर शुक्रवारी घरोघरी मांस बंद, मासे करतात, पण त्याबरोबर बटाट्याच्या टिक्क्या, नोपालेस, वाटाण्या-मसुराचं सूप, आणि कापिरोतादा नावाचा गोड पदार्थ, शिळा पाव, पिलोन्सीयोचा पाक, दालचिनी, मनुका, शेंगदाणे, वर चीज. आपल्या साबुदाण्याच्या दिवसांसारखे दिवस आहेत हे, प्रत्येक बाईला आपलीच कापिरोतादा खरी वाटते आणि ती ताटलीभर शेजारी जाते. तुमच्यासारख्या शाकाहारी बाईला अख्ख्या वर्षात ह्याहून सोपे दिवस नाहीत, आणि ते नेमके तुमच्या मुक्कामात येतात. शेजारणीला म्हणा मला शिकवा. आणि गुड फ्रायडेला आहिहिकमध्ये येशूच्या यातनांचं नाट्य होतं, गावातलीच माणसं करतात, दरवर्षी. ते परदेशी मंडळींबरोबर खुर्ची टाकून बघू नका ह्या वेळी, शेजारच्या घराबरोबर बघा. त्यात कोण कोणाचा पुतण्या आहे हे त्या सांगत बसतील आणि निम्मं गाव तुम्हाला एका सकाळीत कळेल.

भाषेचं म्हणाल तर तुम्ही स्पॅनिशबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून मी समजते की क्लास लावला असेल आणि सोडला असेल, किंवा सगळे इंग्रजी बोलतात म्हणून गरज वाटली नसेल. आहिहिकमध्ये इंग्रजीवर निभतं हेच खरं नडतं तुम्हाला. अहो, तुम्ही मराठी आहात, तुम्हाला ती भाषा इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपी जायला हवी. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दाताला लागतो, र आपल्याइतकाच खणखणीत. आपलं तू आणि तुम्ही त्यांच्याकडे तू आणि उस्तेद म्हणून आहे, आणि कोणाला तू म्हणायचं कोणाला तुम्ही ह्याचं भान तुम्हाला शिकवायला नको, कॅनडाच्या बायकांना ते वर्षभर कळत नाही. मे गुस्ता एल काफे म्हणजे मला कॉफी आवडते, शब्दाला शब्द लावून बघा, तीच घडण, इंग्रजीसारखा मी कर्ता नाही त्यात. पगार शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्यांच्याकडे पागार म्हणजे पैसे देणं. क्लासपेक्षा एक गोष्ट करा, रोज त्याच वेळी त्याच दुकानात जा. तोर्तियेरियात, म्हणजे तोर्तियांच्या, मक्याच्या पोळ्यांच्या दुकानात, दुपारच्या आधी रांग लागते, किलोवर मिळतात, गरम. मशीन असेल तर त्याच मशीनच्या, त्याच बाईकडून, रोज अर्धा किलो. आठवड्याच्या बाजारातही, तुमच्याकडे बुधवारचा त्यांगीस भरतो, एकच भाजीवाली धरा. दोघीही एकमेकींना मार्चान्ता म्हणतात तिथे, विकणारी आणि घेणारी दोघींना एकच शब्द आहे. महिन्याभराने ती वर मूठभर कोथिंबीर टाकेल, त्याला पिलोन म्हणतात. दुकानात शिरताना आधी नमस्कार, मग काम. रेस्टॉरंटमध्ये अनोळखी टेबलाजवळून जाताना प्रोवेचो म्हणायचं, म्हणजे सावकाश जेवा. आणि हो, एखादी बाई पत्ता सांगताना तुमच्या घरी या म्हणाली, एन सु कासा, तर ती तिच्याच घराबद्दल बोलतेय, आपण गरिबाच्या घरी या म्हणतो तसं, फक्त त्या शब्दावर लगेच जाऊन धडकायचं नसतं, वार आणि वेळ सांगितली की ते खरं बोलावणं. तुम्हाला तर वार, वेळ आणि केक सांगितला होता.

कॅनडाच्या मैत्रिणींना एवढं कमी लेखू नका मात्र. त्या घरभाडं आणि डॉक्टर बोलतात कारण त्यांनाही त्याच्यापुढे कसं जायचं कळत नाही, प्रत्येकीला वाटतं हिचं बरं चाललंय. आणि एक मला खरंच कळलं नाही. ती जमलेली मैत्रीण घर विकून कायमची ओंटारिओला गेली म्हणता, आणि तुम्ही मे ते ऑक्टोबर कुठे असता? मिसिसागात! एकाच प्रांतात सहा महिने असून तुम्ही तिला गेलेलीच समजून बसलात. जुलैत गाडी काढून तिच्याकडे जा. हिवाळ्यातली मैत्री हिवाळ्यातच ठेवायची असा काही नियम नाही.

तिथल्या परदेशी मंडळींनी किती आधीपासून बस्तान बसवलंय तेही बघा जरा. त्यांची संस्था, लेक चपाला सोसायटी, १९५५ सालची आहे, आणि तिची आहिहिकमधली बाग आणि घर ज्यांनी दिलं त्या नील जेम्स नावाच्या अमेरिकन लेखिका १९४० च्या दशकात तिथे आल्या होत्या. त्यांनी गावातल्या मुलांसाठी वाचनालय काढलं, चित्रकलेचे वर्ग सुरू केले, त्यातली काही मुलं पुढे गावातले नावाजलेले चित्रकार झाली, आणि तो मुलांचा वर्ग आजही चालतो. तुम्ही तिकडे पत्ते खेळायला जात असाल तर शनिवारी सकाळी मुलांच्या वर्गात डोकावून बघा, मदतीला माणूस लागतोय का विचारा. रांगोळी येत असेल ना? नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, मृतांच्या सणाला, ते लोक जमिनीवर फुलांच्या पाकळ्यांनी आणि रंगीत भुशाने चित्रं काढतात. फुलं कुठली, तर झेंडूची. सेम्पासुचिल म्हणतात, मूळ त्यांच्याच मातीतलं फूल, आपल्या दसऱ्याच्या दारापर्यंत आलेलं. तुम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचत असाल तर पुढच्या वर्षी तिकीट पंधरा दिवस अलीकडचं काढा, तेवढ्यासाठी काढा.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. आहिहिकमध्ये घरांचे भाव आणि भाडी वाढत गेलीत ती तुमच्या-माझ्यासारख्यांमुळेही, आणि गावातल्या तरुण जोडप्यांना त्याच गावात घर परवडत नाही. हे शेजारची बाई तुमच्या तोंडावर कधी बोलणार नाही, पण तिच्या मुलांच्या डोक्यात असेल, आणि कधी कोणी तुटक वागलं तर ते तुमच्यासाठी वैयक्तिक नसेलही. आपण काय करू शकतो, तर जे देणं आहे ते चोख द्यायचं. घरकामाला बाई येत असेल तर डिसेंबरच्या वीस तारखेच्या आत तिचा आगिनाल्दो, म्हणजे वर्षअखेरचा बोनस द्या, वर्षाला किमान पंधरा दिवसांचा पगार असा कायदाच आहे, पार्ट टाइम असली तरी तिच्या हिशोबाने. आणि ती बाई किती गोड बोलते म्हणून तिलाच आपली मैत्रीण समजायची घाई करू नका, तिला नाही म्हणायची मोकळीक नसते. हे मी ग्वादलाहाराला फार उशिरा समजले.

आता पाहुणी ह्या शब्दाबद्दल. साताऱ्याला पाहुणी, मिसिसागात पाहुणी, इथे पाहुणी असं तुम्ही लिहिलंत, वाचताना गलबललं. पण सहाच महिने राहतो म्हणून आपण तिथले होत नाही हे मला मान्य नाही. आपल्याकडे गौरी तीन दिवसांसाठी येतात. तीनच दिवस, पण त्या घरच्या असतात, पाहुण्या नसतात, कारण त्या येणार म्हणून घर वाट बघत असतं, कोणत्या दिवशी येणार माहीत असतं, पहिल्या दिवशी काय शिजणार तेही ठरलेलं. माहेरवाशिणीचंही तेच. किती दिवस राहते हा प्रश्नच नसतो तिथे, तिची वाट कोणीतरी बघतंय एवढं पुरतं. आणि तुमच्या शेजारणीला हे तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल! हालिस्कोतल्या घराघरांतला कोणी ना कोणी अमेरिकेत कामाला गेलेला असतो, वर्षातून एकदा ग्रामदेवतेच्या उत्सवाला घरी येतो. कितीतरी गावांत उत्सवातला एक दिवस त्यांच्यासाठीच राखलेला असतो, इहोस आउसेन्तेस, म्हणजे दूर असलेली लेकरं. तुमच्या आहिहिकचा उत्सव सान आन्द्रेसचा, तीस नोव्हेंबरला संपतो, नऊ दिवस चालतो, पहाटे फटाके सुटतात म्हणून परदेशी लोक तक्रार करतात तोच. साताऱ्यात गणपतीचे ढोल ऐकत वाढलेल्या बाईने त्या तक्रारीत सामील होऊ नये, रात्री चौकात जाऊन बसावं, वर्गणी मागायला कोणी आलं तर द्यावी. जाणं आणि परत येणं ह्याच्यासाठी त्या लोकांकडे जागा तयार आहे, सवय आहे, शब्दसुद्धा आहे. तुम्ही फक्त न सांगता जाऊ नका.

कसं जाता तुम्ही एप्रिलमध्ये? माझा अंदाज, चावी घरमालकाकडे, टॅक्सी पहाटे, शेजाऱ्यांना जाता जाता हात. ह्या वर्षी असं करू नका. चार दिवस आधी घरोघरी जा, कधी परत येणार ती तारीख सांगा, तुळस असेल, कढीपत्त्याची कुंडी असेल तर शेजारणीकडे ठेवायला द्या, आणि उन्हाळ्यात मधूनच विचारा की जिवंत आहे का. आपण निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो, त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगा, तो त्यांना भाषांतर न करताही कळेल. आणि मिसिसागाहून दर पंधरा दिवसांनी एक व्हॉइस मेसेज, फोटो नको, फॉरवर्ड तर नकोच, मोडक्या स्पॅनिशमध्ये अर्धा मिनिट आवाज. मेक्सिकोत सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, आपल्यासारखंच. पावसाळा कसा आहे विचारा, जून ते ऑक्टोबरचा तो पाऊस तुम्ही कधी पाहिलेलाच नाही, तळं किती भरलं विचारा, त्या विषयावर तिथला कोणीही अर्धा तास बोलतो.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवतात का तुम्हाला? गदर चळवळीतले क्रांतिकारक, घरी परतायची सोय नव्हती म्हणून १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, गावोगाव शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, आणि दिएगो रिवेरा ह्या तिथल्या नामवंत चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांचं चित्र काढलं, मधोमध बसून सगळ्यांना पाव वाटणारा माणूस. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा रडू आलं होतं. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही बसवला. त्यांच्याएवढं काम आपल्याच्याने होणार नाही, पण ते तिथल्या मक्यात हात घालून बसले आणि तिथल्या लोकांनी त्यांना टेबलाच्या मधोमध बसवलं, ते चित्र मला परक्या देशातल्या प्रत्येक मराठी माणसाला दाखवावंसं वाटतं. मेक्सिको सिटीला गेलात तर ह्यांना घेऊन बघून या.

ह्यांच्याशी भांडू नका केकवरून. त्यांना फक्त हे पत्र वाचायला द्या.

आणि शेवटचं, सगळ्यात आधी करायचं. शेजारच्या बाईंचा नंबर आहे का तुमच्याकडे? तीन वर्षांचा शेजार, पत्रात त्यांचं नाव नाही, नंबर नाही. नसेल तर उद्या सकाळी मागा, अकराच्या आत, नंतर त्या तोर्तियाच्या रांगेत असतील. आणि रांगेत असल्या तर तिथेच जा, त्यांच्या मागे उभ्या राहा.